तर, तरच आणि तरी
तर्कशास्त्राचा अभ्यास संवादी स्वाध्यायांतून कसा करावा?



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या वस्तीत एक युक्तिवाद हमखास कानावर येतो. "जो पास होतो तो हुशार असतो. हा पास झाला नाही. म्हणजे हा हुशार नाही." शेजारी तसे म्हणतात, नातेवाईक म्हणतात आणि काही दिवसांनी तो मुलगा स्वतःच स्वतःला तसे सांगू लागतो. पुस्तके माळ्यावर जातात. ज्या वाक्याने हे घडते ते वाक्य खरे आहे की खोटे याचा विचार पुष्कळजण करतात. पण पहिल्या दोन वाक्यांतून तिसरे निघते तरी का, हा प्रश्न फारसे कोणी विचारत नाही.

हा दुसरा प्रश्न विचारण्याचे शास्त्र म्हणजे आकारिक तर्कशास्त्र होय. प्रस्तुत लेखात या शास्त्राची तोंडओळख करून द्यावी, आणि ते केवळ वाचून का येत नाही, स्वाध्याय कसे असावेत, संगणक व मोबाईल यांचा त्यात कितपत उपयोग होतो, हे आमच्या अभ्यासवर्गाच्या अनुभवाच्या आधारे मांडावे, असा आमचा हेतू आहे. वाचकांनी हातात वही-पेन्सिल घेऊनच लेख वाचावा, ही विनंती.

१. आकार म्हणजे काय?

युक्तिवादात आधारविधाने असतात आणि निष्कर्ष असतो. आधारविधाने खरी असताना निष्कर्ष खोटा असणे शक्यच नसेल, तर तो युक्तिवाद वैध होय. येथे विषय कोणता आहे याला महत्त्व नाही, रचना कशी आहे याला आहे. 'जर-तर' विधानाचे उदाहरण घेऊ.

"जर पाऊस पडला, तर अंगण ओले होते."

'जर'नंतरचा भाग पूर्वांग आणि 'तर'नंतरचा भाग उत्तरांग. यावरून चार प्रकारे पुढे जाता येते :

(अ) पाऊस पडला. म्हणून अंगण ओले झाले. — वैध.
(आ) अंगण ओले झाले नाही. म्हणून पाऊस पडला नाही. — वैध.
(इ) अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला. — अवैध. कोणी सडा टाकला असेल.
(ई) पाऊस पडला नाही. म्हणून अंगण ओले नाही. — अवैध. कारण तेच.

आता निकालाच्या दिवसाचा युक्तिवाद या चारांपैकी कोणत्या साच्यात बसतो ते पाहा. "जर पास, तर हुशार. पास नाही. म्हणून हुशार नाही." हा (ई) प्रकार आहे. म्हणजे पहिले विधान खरे मानले, मुलगा नापास झाला हेही खरे मानले, तरीसुद्धा निष्कर्ष निघत नाही.

हे कोष्टकाने तपासता येते. 'पास' आणि 'हुशार' या दोन गोष्टींच्या चारच शक्यता आहेत : पास व हुशार, पास पण हुशार नाही, नापास पण हुशार, नापास आणि हुशारही नाही. "जर पास, तर हुशार" हे विधान फक्त दुसऱ्या शक्यतेत खोटे ठरते. तिसरी ओळ पाहा. मुलगा नापास आहे, पण हुशार आहे. येथे दोन्ही आधारविधाने खरी आहेत आणि निष्कर्ष मात्र खोटा आहे. अशी एक ओळ सापडली की युक्तिवाद पडला. या ओळीला प्रतिउदाहरण म्हणतात. वैधता तपासणे म्हणजे प्रतिउदाहरण शोधणे, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे तर्कशास्त्र हाती आले.

२. चार कार्डांचे कोडे

वरील चार प्रकार वाचून "एवढेच ना, समजले" असे वाटते. तसे वाटणाऱ्यांसाठी पुढील कोडे आहे.

टेबलावर चार कार्डे आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूस अक्षर व दुसऱ्या बाजूस संख्या आहे. वर दिसणाऱ्या बाजू अशा : अ, क, ४, ७. नियम असा सांगितला आहे : "जर एका बाजूस स्वर असेल, तर दुसऱ्या बाजूस सम संख्या असते." नियम खरा आहे की खोटा हे ठरविण्यासाठी कोणकोणती कार्डे उलटून पाहणे आवश्यक आहे? पुढे वाचण्यापूर्वी उत्तर वहीत लिहा.

बहुतेकजण 'अ आणि ४' किंवा नुसते 'अ' असे उत्तर देतात. बरोबर उत्तर आहे 'अ आणि ७'. ४ च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनामागे सम संख्या नसावी असे नियमात कोठेच म्हटलेले नाही. ७ च्या मागे मात्र स्वर निघाला तर नियम तत्काळ मोडतो. वर दिलेले (आ) आणि (इ) हे प्रकारच येथे वेगळ्या वेषात आले आहेत.

हे कोडे इंग्लंडमधील मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६६ साली मांडले. सुशिक्षित प्रौढांवर ते पुष्कळ वेळा करून पाहिले गेले आणि साधारण दहांतील एकालाच बरोबर उत्तर आले. आमच्या वर्गात ते प्रथम घेतले तेव्हा विद्यार्थी चुकलेच, शिकविण्यास उभा राहिलेला आमच्यातील एक कार्यकर्ताही चुकला. तेव्हा चुकणाऱ्याने स्वतःस कमी समजण्याचे कारण नाही.

याची दुसरी बाजूही आहे. १९८२ साली अमेरिकेतील ग्रिग्ज व कॉक्स या संशोधकांनी तेच कोडे व्यवहारातील नियम घेऊन विचारले. "जो बिअर पितो आहे त्याचे वय १९ पेक्षा अधिक असले पाहिजे." बिअर पिणारा, शीतपेय पिणारा, २२ वर्षांचा व १६ वर्षांचा, यांपैकी कोणाची तपासणी करावी? येथे सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी बरोबर उत्तर दिले : बिअर पिणारा आणि १६ वर्षांचा. आकार तोच, पण माणसे नियम मोडणाऱ्याला शोधू लागली की बरोबर विचार करतात.

शिकविणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. १९८६ साली चेंग, हॉलिओक, निस्बेट व ऑलिव्हर यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, महाविद्यालयात एक संपूर्ण सत्र तर्कशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्यांचीही या कोड्यातील प्रगती नगण्य होती. नुसता नियम सांगून भागले नाही, नुसती उदाहरणे देऊनही भागले नाही. नियम आणि उदाहरणे यांची जोड देऊन शिकविले तेव्हा सुधारणा झाली. याचा अर्थ तर्कशास्त्र निरुपयोगी आहे असा नव्हे. व्याख्या पाठ करून परीक्षा देता येते, पण विचार बदलत नाही, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो. पोहणे जसे पुस्तकातून येत नाही तसेच हे आहे. पाण्यात उतरले पाहिजे आणि चुकताक्षणी कोणीतरी "हात येथे चुकला" असे सांगितले पाहिजे.

३. ही आपलीच परंपरा आहे

चुकताक्षणी चूक दाखविणारी पद्धत आपल्याला परकी नाही. बौद्ध आचार्यांनी हेतुविद्या नावाने तर्काचे शास्त्र उभे केले. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातील आचार्य दिङ्नाग हे त्यातील मोठे नाव. 'प्रमाणसमुच्चय' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. सातव्या शतकात आचार्य धर्मकीर्तींनी हे काम पुढे नेले. त्याच शतकात चिनी भिक्षू युआन श्वांग नालंदा येथे हेतुविद्या शिकले आणि या विषयावरील ग्रंथ त्यांनी चिनी भाषेत नेले. त्यांच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्रातील एका विहाराचे वर्णन असून तेथे दिङ्नागांचे वास्तव्य असे, अशी जुनी आख्यायिका त्यात नोंदविली आहे. हा विहार म्हणजे अजिंठा होय असे अनेक अभ्यासक मानतात.

दिङ्नागांनी योग्य हेतूच्या, म्हणजे कारणाच्या, तीन अटी सांगितल्या. "डोंगरावर अग्नी आहे, कारण तेथे धूर आहे" हे उदाहरण घेऊ.

पहिली अट : धूर खरोखरच त्या डोंगरावर असला पाहिजे.
दुसरी अट : जेथे अग्नी आहे अशा ठिकाणी, उदाहरणार्थ स्वयंपाकघरात, धूर आढळला पाहिजे.
तिसरी अट : जेथे अग्नी नाही, उदाहरणार्थ तळ्यात, तेथे धूर मुळीच आढळता कामा नये.

दुसऱ्या अटीतील ठिकाणांना सपक्ष आणि तिसऱ्या अटीतील ठिकाणांना विपक्ष म्हणतात. हेतू सपक्षात सर्वत्र, काही ठिकाणी किंवा कोठेच नाही, असा आढळू शकतो. विपक्षातही तसेच. तीन गुणिले तीन म्हणजे नऊ शक्यता. या नऊ घरांच्या मांडणीला दिङ्नागांनी हेतुचक्र म्हटले. नऊपैकी दोनच घरे निर्दोष आहेत : विपक्षात कोठेच नाही आणि सपक्षात सर्वत्र, तसेच विपक्षात कोठेच नाही आणि सपक्षात काही ठिकाणी. धूर दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो. उरलेल्या सात घरांपैकी दोन घरांतील हेतू उलटच गोष्ट सिद्ध करतात आणि पाच घरांत काहीच ठरत नाही.

आता "हा हुशार नाही, कारण तो नापास झाला" हे हेतुचक्रावर ठेवून पाहा. येथे विपक्ष म्हणजे हुशार माणसे. हुशार माणूस कधीच नापास होत नाही काय? आजारपण असते, घरी अभ्यासाला जागा नसते, परक्या माध्यमातील प्रश्नपत्रिका असते. हेतू विपक्षातही आढळला. तिसरी अट मोडली. कोष्टकातील तिसऱ्या ओळीने जे दाखविले तेच दिङ्नागांच्या तिसऱ्या अटीनेही दाखविले.

हे शास्त्र विहारांमध्ये नुसत्या पाठांतराने नव्हे तर वादानेही शिकविले जाई. ती पद्धत आजही पाहावयास मिळते. कर्नाटकात बैलकुप्पे येथे सेरा आणि मुंडगोड येथे द्रेपुंग व गांदेन हे तिबेटी महाविहार आहेत. तेथील अंगणात भिक्षू जोडीजोडीने वाद करतात. प्रश्न विचारणारा उभा असतो, उत्तर देणारा बसलेला असतो. प्रश्न विचारून झाला की उभा असलेला टाळी वाजवतो. लहान भिक्षूंचा प्रारंभीचा पाठ रंगांचा असतो. "जो जो रंग आहे तो तांबडाच असतो काय?" बसलेल्याने चुकून "होय" म्हटले, की त्याला विचारतात, "मग पांढऱ्या शंखाचा रंग तांबडा आहे काय?"

या वादातील महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसलेल्याची उत्तरे ठरलेली असतात. मान्य, का, हेतू सिद्ध नाही, व्याप्ती नाही. भाषणबाजीला वाव नाही. 'हेतू सिद्ध नाही' म्हणजे तुमचे आधारविधान खरे नाही. 'व्याप्ती नाही' म्हणजे आधारविधान खरे असले तरी निष्कर्ष त्यातून निघत नाही. या दोन उत्तरांतील फरक ज्याला कळला त्याला तर्कशास्त्र कळले, असे आम्ही म्हणू.

४. यंत्र शिक्षक म्हणून

प्रत्येक विद्यार्थ्यासमोर असा प्रतिवादी बसविणे आपल्याला शक्य नाही. म्हणूनच संगणकाचा विचार करावा लागतो. तर्कशास्त्र हा संगणकाने शिकविण्याचा जुना विषय आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात पॅट्रिक सपीस यांनी १९६० च्या दशकात शाळेतील मुलांना संगणकावर तर्काचे धडे देण्यास आरंभ केला, आणि १९७२ पासून तेथे विद्यापीठातील प्राथमिक तर्कशास्त्राचा अभ्यासक्रमही संगणकावर शिकविला गेला.

पुढे जॉन बारवाइज व जॉन एचमेंडी यांनी 'टार्स्कीज वर्ल्ड' हा कार्यक्रम तयार केला. पोलंडमध्ये जन्मलेले तर्कशास्त्रज्ञ आल्फ्रेड टार्स्की यांचे नाव त्याला दिले आहे. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट असते आणि तीवर लहान, मध्यम, मोठे ठोकळे मांडलेले असतात. विद्यार्थी एक विधान लिहितो, उदाहरणार्थ "प्रत्येक घन मोठा आहे", आणि ते या पटावर खरे की खोटे हे सांगतो. चुकला तर यंत्र लगेच उत्तर सांगून मोकळे होत नाही, खेळ मांडते. "तुम्ही म्हणता प्रत्येक घन मोठा आहे? मग हा घन पाहा. हा मोठा आहे काय?" एकेक पायरी उतरत विद्यार्थी स्वतःच्याच शब्दात अडकतो आणि नेमके कोठे चुकले ते त्याला दिसते. पांढऱ्या शंखाचा प्रश्न तो हाच. १९९९ साली याच लेखकांचे पाठ्यपुस्तक आले. त्यासोबत विद्यार्थ्याने इंटरनेटवरून उत्तरे पाठवावीत आणि तपासनीस कार्यक्रमाने दोष कळवावेत अशी सोय होती. त्यानंतर 'कार्नॅप' यासारख्या मुक्त प्रणालीही तयार झाल्या.

यंत्र हे कसे करते? यात जादू नाही. साध्या विधानांच्या तर्कात ते सर्व ओळी तपासते. दोन विधाने असतील तर चार ओळी, तीन असतील तर आठ, दहा असतील तर १०२४. माणूस दहा विधानांना कंटाळेल, यंत्र कंटाळत नाही. एखाद्या ओळीत आधारविधाने खरी व निष्कर्ष खोटा आढळला की ती ओळ पुढे करते.

याचे लाभ आम्हांस स्पष्ट दिसतात. उत्तर तत्काळ मिळते. विद्यार्थी वीस वेळा चुकला तरी यंत्र हसत नाही. वर्गात सर्वांसमोर चुकण्याच्या भीतीने जी मुले, आणि विशेषतः मुली, तोंड उघडत नाहीत, त्यांना ही मोकळीक मोलाची आहे.

परंतु दोषही आहेत. 'वैध' व 'अवैध' अशा दोनच कळा असतील तर डोळे मिटून दाबले तरी निम्मी उत्तरे बरोबर येतात आणि शिकल्याचा भास होतो. म्हणून चांगला स्वाध्याय तोच, जो प्रतिउदाहरण मागतो. दुसरा दोष भाषेचा. अशा स्वाध्यायांतील बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. तिसरा दोष सर्वांत महत्त्वाचा असून त्याविषयी शेवटी लिहितो.

५. मराठीतील तर, तरच आणि तरी

बारवाइज व एचमेंडी यांच्या तपासनिसाकडे आलेल्या विद्यार्थ्यांच्या चुकांचा पुढे अभ्यास झाला. नेहमीच्या भाषेतील वाक्ये तर्काच्या भाषेत आणताना पूर्वांग व उत्तरांग यांची अदलाबदल होणे, ही नेहमी आढळणारी चूक ठरली. मराठीत ही चूक एका अक्षराने होते. पुढील वाक्ये नीट वाचा :

अर्ज भरला तर शिष्यवृत्ती मिळेल. — अर्ज पुरेसा आहे.
अर्ज भरला तरच शिष्यवृत्ती मिळेल. — अर्ज आवश्यक आहे, पण पुरेसा आहे असे म्हटलेले नाही.
अर्ज भरल्याशिवाय शिष्यवृत्ती मिळणार नाही. — अर्थ 'तरच'सारखाच.
अर्ज भरला तरी शिष्यवृत्ती मिळणार नाही. — अर्ज भरून उपयोग नाही.

'तरच' आले की बाण उलटा फिरतो : "शिष्यवृत्ती मिळाली असेल, तर अर्ज भरलेला असलाच पाहिजे."

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने वसतिगृहाच्या सूचनेत "उत्पन्नाचा दाखला जोडल्याशिवाय अर्ज विचारात घेतला जाणार नाही" असे वाचले. त्याने धावपळ करून दाखला मिळविला, जोडला आणि निश्चिंत झाला. दाखला जोडला म्हणजे जागा मिळाली, असे त्याने धरले. आणखी दोन कागद राहिले होते, त्यांची मुदत टळली. सूचना खोटी नव्हती आणि मुलगा आळशीही नव्हता. 'शिवाय नाही' याचा अर्थ 'पुरेसे आहे' असा त्याने घेतला, एवढेच. परिपत्रके, करारपत्रे, कर्जाचे कागद यांवर सही करणाऱ्या आपल्या माणसांना 'तर' आणि 'तरच' यांतील फरक कळणे ही पोटापाण्याची गोष्ट आहे.

६. वर्ग कसा घ्यावा?

इतर शाखांना उपयोग व्हावा म्हणून आमची पद्धत थोडक्यात देत आहोत. आठवड्यातून एक तास पुरतो.

पहिली वीस मिनिटे कार्डे. जुन्या पोस्टकार्डांचे तुकडे चालतात. चार कार्डांचे कोडे आधी अक्षर-संख्यांवर आणि लगेच व्यवहारातील नियमावर घ्यावे. दोन्हींचा आकार एकच आहे हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.

पुढील वीस मिनिटे जोडीचा वाद. एक उभा, एक बसलेला. बसलेल्याने चारच उत्तरे द्यावीत : मान्य, का, आधार खरा नाही, निष्कर्ष निघत नाही. नंतर जागा बदलाव्यात.

शेवटची वीस मिनिटे संगणक किंवा मोबाईल. दोघांत एकच यंत्र द्यावे, म्हणजे बोलावे लागते. एकच नियम कडक पाळावा : उत्तर आणि त्याचे कारण वहीत लिहिल्याशिवाय कळ दाबायची नाही. इंटरनेट नसेल तर अडू नये. सत्यता कोष्टक फळ्यावर मांडता येते. ज्यांना थोडे संगणकाचे ज्ञान आहे अशा विद्यार्थ्यांनी मराठी वाक्यांचे स्वाध्याय स्वतः तयार करावेत. प्रश्न तयार करणारा विद्यार्थी सोडविणाऱ्यापेक्षा अधिक शिकतो, असा आमचा अनुभव आहे.

७. यंत्र जे तपासत नाही

आता तिसऱ्या दोषाकडे वळू. निकालाच्या दिवसाच्या युक्तिवादातील चूक दाखविल्यावर एखादा चतुर माणूस पहिले वाक्य बदलील. "बरे, जो हुशार असतो तो पास होतोच. हा पास झाला नाही. म्हणून हा हुशार नाही." आता आकार (आ) प्रकारचा झाला. यंत्र त्यावर 'वैध' असाच शिक्का मारील आणि तो शिक्का चूक नसेल. पण पहिले वाक्यच खोटे आहे. येथे 'व्याप्ती नाही' हे उत्तर चालणार नाही; 'हेतू सिद्ध नाही' असे म्हणावे लागेल. आणि आधारविधान खरे की खोटे हे कोष्टकात दिसत नाही. त्यासाठी घरातून बाहेर पडून माणसे पाहावी लागतात, त्यांची परिस्थिती पाहावी लागते.

भगवान बुद्धांनी केसमुत्त नगरीतील कालामांना जो उपदेश केला तो अंगुत्तर निकायात आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा आधार, गुरूविषयीचा आदर, एवढ्यावरून काही स्वीकारू नये हा भाग आपण सर्वजण सांगतो. पण त्या यादीत केवळ तर्काच्या आधारेही स्वीकारू नये असे आहे, हे आपल्या लक्षात राहत नाही. गोष्ट कुशल की अकुशल, हिताची की अहिताची, हे स्वतः जाणून घेण्यास तेथे सांगितले आहे. याला आम्ही तर्काचा निषेध मानत नाही, तर्काची मर्यादा मानतो. परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्याची कसोटी सांगताना बुद्धिसंगतता आणि मानवी कल्याण या दोहोंचा विचार आहे. आकार आणि आशय, दोन्ही तपासावेत, हीच ती शिकवण असे आम्ही समजतो.

८. स्वाध्याय

प्रत्येक युक्तिवाद वैध की अवैध ते लिहा. अवैध असल्यास प्रतिउदाहरण द्या.

(१) वसतिगृहातील सर्व विद्यार्थी वंदनेस येतात. सुजाता वंदनेस येते. म्हणून सुजाता वसतिगृहात राहते.
(२) शुल्क भरले तरच परीक्षेस बसता येते. मिलिंद परीक्षेस बसला. म्हणून त्याने शुल्क भरले.
(३) शुल्क भरले तरच परीक्षेस बसता येते. राहुलने शुल्क भरले. म्हणून त्याला परीक्षेस बसता येईल.
(४) सर्व पक्ष्यांना दात असतात. चिमणी पक्षी आहे. म्हणून चिमणीला दात असतात.
(५) अंगारा लावला तर ताप उतरतो. याचा ताप उतरला. म्हणून तो अंगाऱ्याने उतरला.
(६) नियम : "पुस्तक घरी नेले असेल तर नोंदवहीत सही हवी." पुस्तक नेलेला, न नेलेला, सही असलेला, सही नसलेला, यांपैकी कोणाची चौकशी करावी?

उत्तरे : (१) अवैध, सुजाता घरून येत असेल. (२) वैध. (३) अवैध, शुल्क भरले पण हजेरी अपुरी असेल. (४) वैध, परंतु पहिले आधारविधान खोटे. (५) अवैध, ताप औषधाने किंवा आपोआप उतरला असेल. शिवाय पहिले विधानही सिद्ध नाही. (६) पुस्तक नेलेला आणि सही नसलेला.

(४) आणि (५) या प्रश्नांवर घरी चर्चा करावी. त्यात घरातील वडीलधाऱ्यांनाही घ्यावे.

शेवटी पुन्हा त्या नापास झालेल्या मुलाकडे येऊ. तो हुशार आहे असे तर्कशास्त्र सिद्ध करीत नाही. तसे आम्ही म्हटले तर तीही चूकच ठरेल. तर्कशास्त्र एवढेच सांगते की कोष्टकात तिसरी ओळ आहे, आणि नापास झाला एवढ्यावरून त्या ओळीतून त्याला कोणी बाहेर काढू शकत नाही. तो त्या ओळीत आहे की नाही हे पुढच्या प्रयत्नातून कळेल. तो प्रयत्न त्याने करावा म्हणून माळ्यावरची पुस्तके खाली काढून देणे, हे त्याच्या घरच्यांचे आणि आपल्या संस्थेचे काम आहे. येत्या वर्षावासात प्रत्येक शाखेने निदान चार तास या अभ्यासाला द्यावेत, अशी आमची नम्र विनंती आहे.

भवतु सब्ब मंगलं.